उणे साडेआठशे

तुम्ही काय करता असं कुणी विचारलं की मी नुसतं ‘इंजिनिअर’ म्हणून सुटायला बघते. समोरच्याने पिच्छा सोडला नाही तर सांगते, की जमिनीत पुरलेले लोखंडी पाइप गंजू नयेत हे बघणं माझं काम. त्यावर हमखास प्रश्न येतो, “म्हणजे रंग लावता का?” माझा नवरा तर पाहुण्यांना माझी ओळख ‘गंजाची डॉक्टर’ अशी करून देतो आणि स्वतःच हसतो. लग्नाला चौदा वर्षं झाली, विनोद तोच आहे.

खरं तर गोष्ट सोपी आहे. लोखंड मुळातलं मातीतलंच. आपण ते भट्टीत घालतो, लाटतो, वळवतो आणि त्याचा पाइप करून पुन्हा मातीत ठेवतो. मग त्याला माहेरची ओढ लागते. वरून डांबरी लेप दिलेला असतो, पण तो कुठे ना कुठे खरवडतोच, आणि लोखंड तिथून हळूहळू माती व्हायला लागतं. हे थांबवायला आम्ही पाइपपासून लांब, ओलसर जागी लोखंडाचे जाड दांडे पुरतो आणि एका पेटीतून बारीकसा विजेचा प्रवाह सोडतो. प्रवाह दांड्यांतून मातीत उतरतो आणि मातीतून पाइपवर येतो. ज्या लोखंडातून तो निघतो ते झिजतं, ज्यावर येतो ते टिकतं. एकाने झिजायचं म्हणून दुसऱ्याने शाबूत राहायचं, असा हा कारभार आहे.

तो नीट चाललाय की नाही हे कळायला दर किलोमीटरला एक पिवळा खांब असतो. खांबात पाइपला जोडलेली तार असते. मोरचुदाचं निळं पाणी भरलेली एक कांडी ओल्या जमिनीवर उभी धरायची, तार आणि कांडी मीटरला जोडायची आणि आकडा वाचायचा. आकडा उणे साडेआठशे मिलिव्होल्ट किंवा त्याहून अधिक उणे आला की पाइप सुखात आहे. उणे जितकं जास्त तितकं बरं मानणारं जगात बहुधा आमचंच एक खातं असेल.

आमच्या सत्तावीस किलोमीटरच्या तुकड्यावर हे आकडे घेणारे जे काका होते, त्यांना सगळं खातं ‘साडेआठशे’ म्हणायचं. समोर काका, मागे साडेआठशे. त्यांनाही ते माहीत होतं आणि त्यांचा त्याला आक्षेप नव्हता. एकतीस वर्षं त्यांनी तो तुकडा सायकलवरून आणि पायी सांभाळला. अलीकडच्या आणि पलीकडच्या, दोन्ही तुकड्यांवर गळत्या झाल्या, पट्टे आवळावे लागले, पाइप बदलावे लागले. काकांच्या तुकड्यावर एकतीस वर्षांत सुईच्या टोकाएवढंही भोक पडलं नाही. एकदा बाहेरून तपासनीस आले. त्यांनी संशयाने तीन खांब स्वतः पुन्हा मोजले आणि दोन मिलिव्होल्टांपेक्षा जास्त फरक सापडला नाही, तेव्हा मुकाट्याने काकांशी हात मिळवला. मी बाजूलाच उभी होते. मला उगाचच स्वतःचा सत्कार झाल्यासारखं वाटलं.

मी हुशार माणसं पुष्कळ पाहिली आहेत, पण कामाशी असं वागणारा माणूस दुसरा पाहिला नाही. बाकीचे लोक कांडी टेकवतात, आकडा टिपतात आणि दहा सेकंदांत गाडीत बसतात. काका सायकल लावायचे, आधी बूट काढायचे, मोजे घडी करून बुटात ठेवायचे. मग चपट्या बाटलीतलं पाणी खांबाच्या बुडाशी ओतून त्या ओलीत अनवाणी उभे राहायचे. पाणी पूर्ण मुरल्यावरच कांडी काढायचे. मी नवी होते तेव्हा एकदा घाई केली, तर म्हणाले, “दमानं घ्या, मॅडम. तहानलेली जमीन खोटं बोलते.” हे शास्त्राला धरूनच होतं, कोरड्या जमिनीत आकडा चुकतोच. बूट का काढता, असंही विचारलं होतं. ओल हाताला कळत नाही, पायाला कळते, असं काहीसं ते म्हणाले. याला मात्र शास्त्र नव्हतं, पण म्हाताऱ्या माणसाची सवय म्हणून मी सोडून दिलं.

आणखी एक गोष्ट ऑफिसात चेष्टेचा विषय होती. एकतीस वर्षं उन्हात हिंडून माणूस रापतो, पण काका दर वर्षी अधिकच गोरे होत गेले. नखंसुद्धा पांढरी. डॉक्टर त्यांना लोहाच्या गोळ्या द्यायचे, बदलून द्यायचे, दुप्पट द्यायचे, आणि रक्ताचा रिपोर्ट दर वेळी तसाच यायचा. खाल्लेलं लोखंड जातं कुठे, असं डॉक्टरांनी एकदा वैतागून विचारलं म्हणे. काकांनी हे आम्हाला हसत सांगितलं होतं.

त्या वर्षी एका पेटीवर वीज पडली. अकरा ते सतरा नंबरचे खांब या पेटीवर चालायचे. त्यांतला चौदा नंबर म्हणजे माझ्या जिवाला कायमचा घोर. तो शाळेच्या कुंपणाला लागून होता आणि गॅसचा आमचा पाइप शाळेच्या मैदानाखालून जात होता. शाळा नंतर आली, पाइप आधीचा, पण हे सांगून काय उपयोग? वरती तीनशे चाळीस मुलं होती. शिवाय आधीच्या तपासणीत खांबाच्या बुडाशीच, कुंपणाखाली, तळहाताएवढा लेप उडालेला आहे असं दिसलं होतं, आणि दुरुस्तीची परवानगी शाळा आणि आम्ही यांच्यात कुठेतरी अडकली होती. तोवर त्या तळहाताएवढ्या उघड्या लोखंडाला सांभाळत होती ती फक्त पेटी.

नवी पेटी मी स्वतः जोडली. दोन जाड केबली, दोन्ही काळ्या, खुणेच्या पट्ट्या विजेने जळून गेलेल्या. कुठली पाइपची आणि कुठली दांड्यांची हे मी मोजून ठरवलं आणि समोर उभी राहून खूण केली, डावी पाइपची, उजवी दांड्यांची. मग जोडायला पेटीच्या मागच्या बाजूला गेले आणि डावी डावीकडे, उजवी उजवीकडे जोडली. माणूस मागे गेला की डावं उजवं होतं, हे शाळेतल्या पोराला कळतं. मला त्या दिवशी कळलं नाही.

आता ही चूक काय होती ते सांगायला हवं. तारा उलट्या लागल्या की प्रवाह उलटा जातो. दांडे टिकतात आणि पाइप झिजतो. पेटीच्या दर्शनी काट्यांवर काहीच फरक दिसत नाही, सहा अँपिअर ते सहा अँपिअरच. म्हणूनच नियम असा, की पेटी सुरू केली की लगेच खांबावरचा आकडा घ्यायचा. तारा उलट्या असतील तर तो खाड्कन कोसळतो. मी नियम पाळला. काकांनी पेटीजवळच्या खांबाशी बूट काढले, पाणी ओतलं, उभे राहिले. मीटर माझ्याच हातात होतं. उणे नऊशे साठ. नंतर ते चौदाला गेले आणि तिथून फोनवर सांगितलं, उणे नऊशे वीस. मी कागदावर सही केली आणि घरी जाऊन निवांत झोपले.

पुढचे अकरा आठवडे आकडे उत्तम येत होते. फक्त काकांच्या नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात, जिथे एकतीस वर्षांत ‘ठीक’ याखेरीज शब्द नव्हता, तिथे दुसऱ्या आठवड्यात एक ओळ आली. ‘खांब १४, उणे ९२२. आकडा बरोबर आहे, लाइन बरोबर वाटत नाही. तारा बघाव्यात.’ मी हसले. आकडा बरोबर असताना तारा कशाला बघायच्या? मी बरोबरची खूण केली. पाचव्या आठवड्यात पुन्हा तेच लिहिलेलं. मी फोन करून विचारलं, नक्की काय होतंय? पाय ओढल्यासारखे वाटतात, म्हणाले. मी त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगितलं. ते वाद घालणाऱ्यांतले नव्हते. इंजिनिअर बरोबर म्हणाला म्हणजे बरोबर, असं मानणारी ती पिढी.

सहाव्या आठवड्यात मात्र मी चौदाला गेले. दुपारची वेळ, शाळेतून पाढ्यांचा आवाज येत होता. काका आधीच तिथे उभे होते, अनवाणी. चेहरा पार उतरलेला. कांडी ओलीत रोवलेली होती. मी मीटर हातात घेतलं, उणे नऊशे एकवीस. तेवढ्यात शाळेच्या शिपायाने त्यांना हाक मारली आणि ते बोलायला फाटकापर्यंत गेले. मी सहज मीटरकडे पाहिलं. सातशे ऐंशी. मग सहाशे दहा. मग चारशे चाळीस. मी क्लिप हलवली, घासली, पुन्हा लावली. तीनशे. काका परत आले, ओलीत उभे राहिले.

नऊशे एकवीस.

“क्लिप ढिली होती,” मी म्हणाले.

“असेल,” काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

अकराव्या आठवड्याच्या शेवटी काका चौदापाशीच चक्कर येऊन पडले. शिपायाने त्यांना दवाखान्यात नेलं. शरीरात रक्त म्हणण्यासारखं राहिलंच नव्हतं, असं तिथल्या नर्सने मला फोनवर सांगितलं. एकतीस वर्षांतली ही त्यांची पहिली रजा. दुसऱ्या दिवशी बदली माणूस गेला आणि त्याने चौदाचा आकडा कळवला, उणे एकशे नव्वद. मी त्याच्यावर खेकसले. कांडी नीट धर, पाणी ओत. त्याने पाणी ओतलं. उणे एकशे अठ्ठ्याऐंशी.

मी पेटीकडे गेले. केबली हाताने चाचपत जमिनीपर्यंत गेले, पुन्हा वर आले, मग मागे जाऊन उभी राहिले. समोरून डावी असलेली पाइपची केबल इथून उजवीकडे यायला हवी होती. ती डावीकडे होती. मी पेटी बंद केली आणि तिथेच मातीत बसून हिशेब केला. एक अँपिअर प्रवाह वर्षभर लोखंडातून मातीत गेला तर साधारण नऊ किलो लोखंड घेऊन जातो. सहा अँपिअर, अकरा आठवडे. साडेअकरा किलो. आणि ते सगळं जायला एकच सोपी वाट, शाळेच्या कुंपणाखालचा तळहाताएवढा उघडा भाग. पाइपची जाडी माझ्या करंगळीइतकीही नव्हती.

गॅसचा दाब उतरवला, शाळेला सुटी दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी खोदायचं ठरलं. साहेबांना मी सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, तारा उलट्या असताना नऊशे आकडा येऊच शकत नाही. म्हाताऱ्याने घरी बसून आकडे लिहिले. मी म्हणाले की दोनदा मीटर माझ्याच हातात होतं. मग त्या वेळी तुमची क्लिप ढिली असेल, असं ते म्हणाले. मला सांगायला लाज वाटते, पण क्षणभर बरं वाटलं. चूक वाटून घ्यायला कुणीतरी मिळालं होतं.

संध्याकाळी उजेड होता तोवर मी काकांच्या घरी त्यांची रोजची वही आणायला गेले. दोन खोल्यांचं घर. काकू दवाखान्यातून नुकत्याच आल्या होत्या. दाराला कडीच्या जागी दोरी बांधलेली होती.

“कडी गळून पडली,” काकू म्हणाल्या. “ये, आत ये.”

वही कपाटात होती, पण कपाटाचं बिजागर निखळलेलं, दार हातात आलं. काकू ओशाळल्या. आमच्या घरात लोखंड म्हणून टिकत नाही, म्हणाल्या. पहिल्यापासूनच असं आहे, पण या दोन-तीन महिन्यांत अतीच झालं. खिडकीचे गज मी तेव्हा पाहिले. चौकटीपाशी जाड, आणि मध्ये दाभणाएवढे उरलेले. काकूंनी ओट्यावरची कढई उचलली आणि खिडकीसमोर धरली.

“ही गेल्या महिन्यात आणली.”

कढईतून उजेड आला. काकूंच्या कपाळावर, गालांवर बारीक बारीक ठिपके पडले.

“ह्यांना म्हटलं, पाण्यात काहीतरी आहे. तर म्हणाले, पाणी चांगलं आहे.”

मी वही घेतली. निघताना अंगणातली काकांची सायकल वाटेत होती. बाजूला करायला म्हणून नेहमीसारखा दोन्ही हातांनी जोर लावला, आणि ती एका हाताने वर आली.

वही मी गाडीत बसून वाचली. चौदाला महिन्यातून एकदा जायचा नियम होता. काका रोज जात होते. येण्याची आणि निघण्याची वेळ लिहिलेली होती. पहिल्या आठवड्यात अर्धा तास. चौथ्यात दीड. शेवटच्या आठवड्यात शाळा भरायच्या घंटेला ते येत आणि शाळा सुटल्यावर निघत.

सकाळी खोदायला सुरुवात झाली. गॅसची लाइन म्हणून यंत्र लावलं नाही, फावड्यांनीच काम चाललं होतं. खांबाच्या बुडाशी, वीतभर माती काढल्यावर मुकादम थांबला.

“मॅडम, हे बघा.”

काळ्या मातीत दोन तांबूस डाग होते. पावलांच्या आकाराचे. टाच, तळवा, पाच बोटं. गंजाचा रंग मी आयुष्यभर पाहिला आहे. त्यात माझी चूक होत नाही.

“ते रोज इथंच उभे राहायचे,” शिपाई कुंपणाआडून म्हणाला.

मी म्हटलं, खोदा.

दोन फूट गेलो. पावलं तशीच होती. तोच आकार, तीच बोटं, कडा सुरीने कापल्यासारख्या. एक गडी बाजूला झाला आणि खड्ड्यात पुन्हा उतरला नाही.

चार फूट. पावलं होती.

पाइप दिसायला लागला तेव्हा मी मुकादमाला वर यायला सांगितलं आणि स्वतः उतरले. पावलं पाइपच्या वर चार बोटं येऊन संपली होती. त्याखालची माती स्वच्छ होती. मी हातांनी माती बाजूला केली, लेप उडालेली जागा सापडली, ओल्या फडक्याने पुसली.

लोखंड लख्ख होतं.

त्यावर पांढरट, खडूसारखा पातळ थर होता. हा थर पाइपवर प्रवाह नीट पोचत असेल तेव्हाच धरतो. जाडी मोजली. कारखान्यातून आला त्या दिवशी जितकी होती तितकी. मी तीनदा मोजली. मग त्या खड्ड्यात, सगळ्यांसमोर, मी रडले. साहेब वर उभे होते. आकडे घरी बसून लिहिल्याची गोष्ट त्यांनी पुन्हा कधी काढली नाही.

त्याच दिवशी तारा नीट लावल्या, पाइपला नवा लेप दिला, खड्डा बुजवला. संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. काका उशीला टेकून बसले होते आणि हाताला रक्ताची नळी होती.

“चौदाचा?” त्यांनी विचारलं.

“स्वच्छ आहे, काका. पांढरा थरसुद्धा आहे.”

त्यांनी डोळे मिटले. परीक्षेत पास झालेल्या मुलासारखं समाधान होतं तोंडावर. मी म्हणाले, चूक माझी होती, तारा मी उलट्या लावल्या. ते म्हणाले, माहीत होतं.

“मग बोलला का नाहीत?”

“लिहिलं होतं की.” आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. “आणि वर पोरं होती. कुणीतरी उभं राहायला हवं होतं.”

मी विचारलं, उभं राहिल्याने काय होतं? त्यांनी बाजूची चपटी बाटली मला दिली. आता ती त्यांना लागणार नव्हती, ते निवृत्त होणार होते.

“पाणी ओतत जा,” ते म्हणाले. “पण बूट काढू नका. आम्ही दोघंच होतो, चाललं. तुमच्या घरात लेकरू आहे.”

काका बरे झाले. चार महिन्यांनी भेटायला गेले तर ओळखू येईनात. गाल भरलेले, नखं गुलाबी. दाराला नवी कडी होती. एकाच नव्या कढईत सबंध उन्हाळा काढला, असं काकूंनी मला कौतुकाने सांगितलं. माणसाच्या अंगात एकूण लोखंड किती असतं ते मी वाचून काढलं आहे. चार ग्रॅम, म्हणजे एक खिळा. साडेअकरा किलोंचा माझा हिशेब अजून जुळलेला नाही. कढया, गज, कड्या, सायकल धरूनही जुळत नाही.

गेल्या महिन्यात रस्त्याच्या कामावर यंत्राने पेटीची केबल तोडली. दुरुस्तीला बारा दिवस लागणार होते. बारा दिवस पेटी बंद राहिली तर पाइपला काही होत नाही, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. लेपही नवा होता. मी नुसती बघायला चौदाला गेले. पाणी ओतलं, मुरू दिलं, कांडी धरली. उणे पाचशे चाळीस. शाळेत पाढे चालू होते. एकोणतिसाचा पाढा कुणालाच येत नव्हता आणि सगळे मोठ्याने म्हणत होते.

मी बूट काढले.

सहाशे दहा. सातशे. आठशे. मग तो आकडा, ज्यावरून त्या माणसाला आम्ही नाव ठेवलं होतं, आणि त्याच्याही पुढे. गार ओल पायांना लागली आणि काहीतरी हलकेच खाली ओढलं गेलं. दुखलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं, कुणाच्या तरी उपयोगी पडल्यावर वाटतं तसं. मी शाळा सुटेपर्यंत उभी होते. बारा दिवस तसंच केलं.

केबल जोडली गेली. तारा मी समोरून आणि मागून, चार-चारदा तपासल्या. त्यानंतर मी बूट काढलेले नाहीत. तरी मी चौदाजवळ गेले की आकडा वाढतो, बूट घालूनही. बदलीचा अर्ज लिहून ठेवला आहे. माझ्यानंतर तिथे कोण उभं राहील, एवढं ठरलं की देईन.

काल जेवताना लेकीने माझ्या हाताशेजारी स्वतःचा हात ठेवला. “बघ ना आई,” ती खूश होऊन म्हणाली, “आपण दोघी किती गोऱ्या झालो.”

मी आयुष्यभर मोजण्याचंच काम केलं आहे. पण ओट्यावरची कढई खिडकीसमोर धरून बघायला मी अजून धजलेले नाही.